गावकीचा खेळ, गावकीचाच न्याय

आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना पाहण्यासाठी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये 82,000 हून अधिक प्रेक्षक मावतात, आणि तरीही त्या मैदानावर उतरणाऱ्या एकाही खेळाडूला खेळण्याबद्दल वेतन मिळत नाही, ही या खेळाची जगावेगळी ओळख आहे. शिक्षक, शेतकरी, सुतार, विद्यार्थी अशी माणसे दिवसभराचे काम उरकून संध्याकाळी सरावाला येतात. आपल्या काउंटीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या पारंपरिक प्रदेशासाठी, खेळणारे मोजके खेळाडू सोडले तर उरलेला सारा खेळ गावोगावच्या क्लबांत चालतो. या क्लब-सामन्यांतील हाणामारी, पंचांना होणारी शिवीगाळ व मारहाण, आणि त्यानंतर दोषींना शिक्षा देण्यात वारंवार येणारे अपयश हा आयर्लंडमध्ये पुन्हा पुन्हा चर्चेला येणारा विषय आहे. त्याचे मूळ बहुधा खेळाडूंच्या तापट स्वभावात शोधले जाते. वास्तविक ते काही अंशी खेळाच्या नियमांत आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात हा खेळ चालवणाऱ्या समाजाच्या रचनेत आहे.

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात. चेंडू पायाने मारता येतो, तसाच हातात धरून धावताही येते. मात्र चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटून घ्यावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हातात झेलावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल होऊन तीन गुण मिळतात, दांडीवरून गेला तर एक, आणि 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेला चेंडू दांडीवरून गेल्यास दोन. मैदानाची लांबी 130 ते 145 मीटर आणि रुंदी 80 ते 90 मीटर असते, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा ते बरेच मोठे असते, आणि ही गोष्ट शिस्तीच्या प्रश्नात पुढे महत्त्वाची ठरते.

प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेण्याचा नियम हा या खेळातील सर्वांत नाजूक नियम आहे. रग्बीमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला कवेत घेऊन खाली पाडता येते, आणि नेहमीच्या फुटबॉलमध्ये चेंडू पायापाशी असल्याने झटापटही पायांचीच असते. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू खेळाडूच्या छातीशी, दोन्ही हातांत असतो, पण त्याच्या शरीराला धरणे, ओढणे वा पाडणे निषिद्ध आहे. उघड्या तळहाताने चेंडूवर फटका मारून तो उडवणे किंवा एक पाय जमिनीवर ठेवून खांद्याला खांदा भिडवणे एवढीच मोकळीक बचाव करणाऱ्याला मिळते. छातीशी धरलेल्या चेंडूवर वेगाने मारलेला हात चेंडूऐवजी बरगडीवर, मनगटावर किंवा तोंडावर बसायला फारसे अंतर लागत नाही, आणि तो मुद्दाम बसला की चुकून, हे क्षणार्धात ठरवणे अनुभवी पंचालाही अवघड जाते. एका पंचाने चालवून घेतलेली झटापट दुसरा पंच दंडनीय मानतो. अशा वेळी ज्याला न्याय मिळाला नाही असे वाटते तो पुढच्या वेळी स्वतःच हिशेब चुकता करतो.

त्यातही पुष्कळशी दांडगाई चेंडूपासून दूर होते. पंच चेंडूबरोबर धावत असतो आणि त्याच्या पाठीमागे साठ-सत्तर मीटरवर बचावपटू व आक्रमक जोडीने उभे असतात. तिथे जर्सी ओढणे, पायावर पाय देणे, कोपर मारणे आणि घरच्या माणसांवरून घालूनपाडून बोलणे चालू राहते. काउंटी पातळीवरच्या मोठ्या सामन्यात दोन तटस्थ लाइन्समन आणि एक राखीव पंच मदतीला असतात. गावातल्या कनिष्ठ गटाच्या सामन्यात मात्र सीमारेषेवर बहुधा दोन्ही क्लबांचीच माणसे झेंडा घेऊन उभी असतात, आणि खांबांपाशी उभे राहणारे चार गोलपंच मुख्य पंचाला स्वतःच जमवून आणावे लागतात, त्यामुळे ते पुष्कळदा त्याच्याच घरातले किंवा क्लबातले असतात. तीस खेळाडू आणि एवढे विस्तीर्ण मैदान यांच्यासाठी खऱ्या अर्थाने तटस्थ डोळ्यांची एकच जोडी उपलब्ध असते.

खेळातील दांडगाई काही आजची नाही. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, अर्थात जीएए, ही संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी काउंटीतील थर्ल्स या गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. परक्या सत्तेखाली मागे पडत चाललेल्या देशी खेळांना नियम व प्रतिष्ठा देणे हा तिचा हेतू होता. फुटबॉलच्या अगदी आरंभीच्या रूपात दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना कुस्तीसारखी पकड घालण्याची चाल होती, ती थोड्याच काळात बंद करावी लागली. तेव्हा संघात 21 खेळाडू असत, आणि 1913 मध्ये ती संख्या 15 वर आली. हा सारा प्रवास खेळ अधिक मोकळा आणि कमी दांडगा करण्याच्या दिशेने झालेला असल्यामुळे, मारामारी हा या खेळाचा पुरुषार्थ आहे असे सांगणाऱ्यांना खेळाच्या इतिहासाचा आधार मिळत नाही.

आता समाजरचनेकडे वळता येईल. जीएएचे जगभरात 2,000 हून अधिक क्लब आहेत आणि आयर्लंडमधल्या बहुसंख्य क्लबांचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती, हा आहे. खेळाडू सहसा ज्या पॅरिशमध्ये वाढला त्याच क्लबासाठी आयुष्यभर खेळतो, क्लब बदलणे नियमांनी अवघड केलेले आहे आणि समाजात ते फारसे मानाचेही समजले जात नाही. बाप, काका, चुलतभाऊ ज्या रंगाची जर्सी घालत आले तीच मुलगा घालतो. शेजारच्या पॅरिशशी असलेली चुरसही त्याला वारशाने मिळते, आणि कधीकाळी झालेला अन्याय घराघरांत सांगितला जातो. मैदान स्वयंसेवकांनी राखलेले असते, मुलांचे प्रशिक्षक, खजिनदार, चहा-सँडविचची व्यवस्था पाहणाऱ्या बाया हे सगळे गावातलेच असतात. देशांतराने ओस पडू पाहणाऱ्या ग्रामीण आयर्लंडला या क्लबांनी एकत्र धरून ठेवले आहे, आणि त्या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु ज्या आपलेपणावर क्लब उभा आहे, त्याच आपलेपणामुळे आपल्या माणसाने केलेल्या गुन्ह्याला शिक्षा देणे त्याला जड जाते.

मोठ्या सामन्यांतील काही घटना सर्वश्रुत आहेत. 1983 च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात डब्लिन व गॉलवे यांच्यातील चार खेळाडू बाहेर काढले गेले आणि डब्लिनने उरलेल्या 12 खेळाडूंनिशी अजिंक्यपद जिंकले. 1996 मध्ये मीथ आणि मेयो यांच्या फेरलढतीत सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोन्ही संघांतील बहुतेक खेळाडू एकमेकांवर तुटून पडले, पण पंचाने बाहेर काढले ते प्रत्येक बाजूचा एक असे दोघेच. 2010 मध्ये लाउथ व मीथ यांच्यातील लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी चुकीचा गोल दिला गेल्यावर चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले आणि पंचाला धक्काबुक्की झाली. 2022 मध्ये क्रोक पार्कवर आर्मा आणि गॉलवे यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूंच्या ये-जा करण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी मारामारी होऊन एकाच्या डोळ्याला हात घातला गेला, त्याबद्दल 24 आठवड्यांचे निलंबन झाले. यांतले 1996 चे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण घोळक्यातली मारामारी थांबवणे पंचाला जमत नाही आणि कोणी सुरुवात केली हे त्याला दिसलेले नसते, म्हणून दोन्हींकडचा एकेक जण निवडून प्रकरण मिटवले जाते. घोळका जितका मोठा, तितका त्यातला प्रत्येक जण सुरक्षित, हा धडा गावातले तरुण खेळाडू अशा प्रसंगांतून घेतात.

क्रोक पार्कवर निदान दूरचित्रवाणीचे कॅमेरे असतात. गावातल्या सामन्यात पंचाच्या लेखी अहवालापलीकडे पुरावा क्वचितच मिळतो. 2022 मध्येच रॉसकॉमन काउंटीत अल्पवयीन मुलांच्या एका फुटबॉल सामन्यात पंचावर हल्ला होऊन त्याला रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला आणि त्याच वर्षी जीएएने पंचांच्या सन्मानासाठी खास मोहीम राबवली. त्याआधी 2009 मध्येही ‘आदर द्या, आदर मिळवा’ अशा आशयाची मोहीम सुरू झालेली होती. मोहिमांचा हेतू चांगला असतो, त्यांची आवश्यकताही नाकारता येत नाही. मात्र पंचाला मारहाण करणारा माणूस फलक वाचून थांबत नाही. त्याला थांबवते ती शिक्षेची खात्री, आणि नेमकी तीच इथे कच्ची आहे.

कागदावर शिक्षा सौम्य नाहीत. किरकोळ नियमभंगाला पिवळे कार्ड, दोन पिवळ्यांचे एक लाल, आणि ठोसा, लाथ, डोक्याने मारलेली धडक किंवा पंचाला केलेली शिवीगाळ यांसाठी थेट लाल, अशी चढती व्यवस्था आहे. लाल कार्डानंतर गुन्ह्याच्या वर्गवारीनुसार पुढच्या सामन्यांतून निलंबन होते. पंचाच्या अंगाला हात लावणे, त्याला ढकलणे वा ओढणे यासाठी आठवड्यांत मोजले जाणारे दीर्घ निलंबन आहे: 2017 मध्ये डब्लिनचा डिअरमुड कॉनोली याने एका लाइन्समनला हात लावला म्हणून त्याला 12 आठवडे बाहेर बसावे लागले. 2008 मध्ये केरीचा कर्णधार पॉल गॅल्व्हिन याने पंचाच्या हातातली नोंदवही उडवून लावली आणि त्या एका कृतीने त्याचा जवळजवळ सगळा मोसम गेला. प्रत्यक्ष मारहाणीबद्दलची शिक्षा तर याहून कितीतरी मोठी, वर्षांच्या हिशेबाने मोजावी लागणारी आहे.

ही शिक्षा प्रत्यक्षात येण्याचा मार्ग मात्र लांब आहे. पंचाचा अहवाल काउंटीच्या स्पर्धा नियंत्रण समितीकडे जातो आणि ती समिती फिर्यादीच्या भूमिकेतून खेळाडूला शिक्षेचा प्रस्ताव पाठवते. खेळाडूने तो मान्य केला तर प्रश्न मिटतो, नाहीतर स्वतंत्र सुनावणी समितीपुढे दोन्ही बाजू मांडल्या जातात; तिथून प्रांतिक पातळीवर अपील करता येते, आणि शेवटी 2005 मध्ये स्थापन झालेल्या विवाद निवारण प्राधिकरणाकडे, म्हणजे कायदेतज्ज्ञांचा समावेश असलेल्या लवादाकडे, दाद मागता येते. खेळाडू ऊठसूट न्यायालयातून मनाई हुकूम आणू लागल्यामुळे हा लवाद निर्माण करावा लागला, आणि त्या दृष्टीने तो उपयुक्तच ठरला. त्याचबरोबर प्रत्येक शिक्षेविरुद्ध शेवटच्या पायरीपर्यंत लढायचे, ही सवयही खेळात मुरत गेली. 2015 मध्ये उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळालेल्या कॉनोलीचे निलंबन दोन समित्यांनी कायम केल्यावर लवादाने फेरलढतीच्या दिवशी पहाटे, बहुमताने, ते रद्द केले आणि तो त्याच दिवशी संघाबरोबर गेला. लवादाचा निर्णय कायद्याच्या कसोटीवर योग्य असू शकतो, कारण आरोपीला आपली बाजू मांडण्याची रास्त संधी मिळालीच पाहिजे. पण गावोगावच्या क्लबांनी त्यातून घेतलेला अर्थ असा, की गुन्हा घडला की नाही याहून कागदपत्रांत चूक सापडते की नाही हे अधिक महत्त्वाचे. संघटनेची जुनी शिस्तही या वृत्तीला खतपाणी घालणारीच होती: एके काळी तक्रार अर्ज आयरिश बनावटीच्या कागदावर लिहिलेला नसेल तर तेवढ्या कारणाने तो फेटाळला जात असे.

पंचाच्या अहवालाबाबतही एक पेच आहे. एखादी घटना पंचाने पाहिली आणि तिच्यावर पिवळे कार्ड दाखवून निर्णय दिला, तर नंतर ती कितीही गंभीर असल्याचे दिसून आले तरी पंचाने आपला निर्णय बदलण्याची तयारी दाखवल्याशिवाय समितीला हस्तक्षेप करणे अवघड असते. म्हणजे सगळा भार पुन्हा त्याच एकट्या माणसावर येऊन पडतो. तो त्याच काउंटीत राहतो, त्याच दुकानात खरेदीला जातो, आणि पुढच्या महिन्यात त्याच दोन क्लबांचा दुसरा सामना त्याला चालवायचा असतो. त्याला प्रवासखर्च आणि अल्पसे मानधन मिळते. कडक अहवाल लिहिला तर सुनावणीत त्याच्या प्रत्येक शब्दाची उलटतपासणी होते, सौम्य लिहिला तर कोणीच त्याला बोल लावत नाही. अनेक अहवालांत ‘धक्काबुक्की झाली, पण खेळाडू ओळखता आले नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य का येत असेल, हे यावरून समजण्यासारखे आहे.

सुनावणी समितीचीही तीच स्थिती आहे. काउंटी समित्यांचे सदस्य क्लबांतूनच आलेले असतात. ज्या क्लबाचे प्रकरण असेल त्याच्या सदस्याने बाजूला बसावे ही रीत पाळली जाते, परंतु लहान काउंटीत सगळेच एकमेकांचे सोयरे, सहकारी वा जुने सवंगडी असतात, आणि आज ज्याला शिक्षा द्यायची त्याच्या क्लबाची मते उद्या निवडणुकीत लागणार असतात. यात भ्रष्टाचार शोधण्याचे कारण नाही. ही भिडेची गोष्ट आहे, आणि गावकी-भावकीत निवाडा करण्याचा अनुभव असलेल्या कोणत्याही समाजाला ती ओळखीची वाटेल. साक्षीदार तर जवळजवळ मिळतच नाहीत. मैदानावर घडले ते मैदानावरच ठेवायचे, हा अलिखित नियम इतका पक्का आहे की जबडा मोडलेला खेळाडूही मारणाऱ्याचे नाव सांगायला कचरतो, कारण सांगणारा चुगलखोर ठरतो. या मौनाला निष्ठा म्हणणे चुकीचे आहे. त्यातून सुटतो तो मारणारा, आणि उपचाराचा खर्च पडतो तो जखमीवर व क्लबांच्या वर्गणीतून चालणाऱ्या इजा निधीवर.

देशाचा फौजदारी कायदा मैदानाच्या कुंपणापाशी थांबत नाही. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात 1997 चा शारीरिक इजेसंबंधीचा कायदा साध्या मारहाणीपासून गंभीर दुखापतीपर्यंतचे गुन्हे वेगवेगळे मानतो, आणि खेळात उतरणाऱ्याने खेळाच्या ओघात होणाऱ्या इजेला संमती दिलेली असली तरी चेंडू दुसरीकडे असताना पाठीमागून मारलेल्या ठोशाला त्याची संमती गृहीत धरता येत नाही. अशा प्रकरणी खटले झालेले आहेत. तरीही पोलिसांकडे जाणे हे गावाशी वैर घेण्यासारखे मानले जाते, त्यामुळे बहुतेक प्रकरणे तक्रारीच्या टप्प्यापर्यंतही पोहोचत नाहीत.

याच्या उलट, मैदानावरच आणि लगेच मोजावी लागणारी किंमत मात्र परिणामकारक ठरत आली आहे. हेतुपुरस्सर पाडणे, ओढणे अशा लबाडीच्या नियमभंगासाठी 2014 मध्ये काळे कार्ड आले. आरंभी दोषी खेळाडू बाहेर जाई आणि त्याच्या जागी बदली खेळाडू येई, त्यामुळे संघाचे फारसे बिघडत नसे. 2020 पासून दोषी खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसवून संघाला तेवढा वेळ 14 जणांनिशी खेळायला लावले जाऊ लागले, तेव्हा या कार्डाला धार आली. त्यानंतर माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेले नियम 2025 च्या मोसमात लागू झाले. पंचाशी हुज्जत घातली किंवा प्रतिस्पर्ध्याला फ्री किक मिळाल्यावर चेंडू त्याच्या हातात न देता दूर भिरकावला, तर ती किक 50 मीटर पुढून मारायला मिळते. शिवाय पंचाकडे खुलासा मागण्याचा अधिकार एकट्या कर्णधाराला उरतो. हुज्जतीची किंमत थेट गुणफलकावर दिसू लागल्यावर खेळाडू एकमेकांनाच गप्प बसवू लागतात. कोणतीही समिती, कोणतेही अपील किंवा कोणतीही भीड जिच्या आड येत नाही अशी ही शिक्षा आहे, म्हणूनच ती लागू पडते.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हे नियम खेळाडूंच्या तोंडाला लगाम घालतात. सीमारेषेवरचे प्रशिक्षक आणि पालक त्यांच्या कक्षेत पुरते येत नाहीत, आणि मुलांच्या सामन्यांतला त्रास मुख्यतः तिथूनच उद्भवतो. लहान वयाच्या गटांत जिंकण्यापेक्षा प्रत्येक मुलाला खेळायला मिळण्यावर भर देणारे सामने भरवणे, किंवा काही आठवडे पालकांनी आवाज न करता सामना पाहावा असा उपक्रम राबवणे, हे प्रयोग काउंट्या करत आहेत. शिवाय पन्नास मीटर मोजणे, दहा मिनिटांचे घड्याळ सांभाळणे आणि पाठीमागच्या जोड्यांवर लक्ष ठेवणे ही सगळी कामे गावच्या सामन्यात त्याच एका पंचाकडे येतात.

म्हणून दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. पंचावरील हल्ल्याची आणि गंभीर इजेची प्रकरणे त्या काउंटीच्या समितीकडे न ठेवता पहिल्या सुनावणीपासूनच दुसऱ्या काउंटीतील सदस्यांकडे सोपवली, तर निवाडा करणाऱ्याला संध्याकाळी त्याच गावात परतावे लागणार नाही. दुसरी गोष्ट क्लबांच्या जबाबदारीची: प्रत्येक क्लबाने ठरावीक संख्येने पंच तयार करून द्यावेत अशी अपेक्षा काउंट्या ठेवतातच, तिला जोडून, ज्या क्लबाच्या माणसाने पंचावर हात टाकला त्या क्लबाला दंडाबरोबर घरच्या मैदानावरचे पुढचे सामने गमवावे लागतील, आणि हल्लेखोराचे नाव क्लबाने स्वतःहून कळवले तर ती शिक्षा कमी होईल, अशी तरतूद करता येण्यासारखी आहे. तसे झाले तर नाव सांगणे हे चुगली न ठरता क्लबाच्या हिताचे काम ठरेल, आणि पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन त्याच मैदानावर यायला एखादा पंच तयार होईल.